अल्बैसिनची टेकडी

ग्रानादा शहरीं अल्हांब्रा राजवाड्यासमोरील टेकडीवर अल्बैसिन ही जुनी वस्ती आहे. प्रवासी बहुधा राजवाडाच पाहून परततात. आमच्या मतें खरी हकीकत या चिंचोळ्या बोळांत आहे. येथील सान साल्वादोर चर्च पूर्वीच्या मोठ्या मशिदीच्या जागीं उभें असून मशिदीचें कमानींचें अंगण अद्याप शिल्लक आहे.

१४९२ सालीं शहर स्पेनच्या स्वाधीन झालें तें धर्मास हात लावणार नाहीं या लेखी वचनावर. वचन दहा वर्षेंही टिकलें नाहीं. १४९९ मध्यें सिस्नेरोस या धर्माधिकाऱ्यानें सरसकट बाप्तिस्मे आरंभिले.

बरें, ख्रिस्ती होऊन तरी सुटका झाली काय? या ‘मोरिस्को’ लोकांस अमेरिकेंतील वसाहतींत जाण्यास मनाई होती. जहाजावर चढण्यापूर्वीं सेव्हिलच्या कचेरींत वाडवडिलांचा धर्म तपासला जाई. तरी कांहीं जण लपूनछपून गेलेच! १५६७ मध्यें अरबी भाषा, पोशाख, इतकेंच काय पण स्नानगृहेंही निषिद्ध ठरलीं. तेव्हां फ्रान्सिस्को नुन्येझ मुले या वृद्ध मोरिस्को गृहस्थानें सरकारांत अर्ज केला, कीं सीरिया-मिसरमधील ख्रिस्ती अरबीच बोलतात. मग भाषेंत धर्म कोठें आला? त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. पुढील वर्षीं बंड पेटलें, आणि १५६९ मध्यें या टेकडीवरील मोरिस्को पुरुषांची परप्रांतीं रवानगी झाली.

१६०९ ते १६१४ या काळांत स्पेनमधून सुमारें तीन लक्ष मोरिस्को हद्दपार झाले. पुष्कळ जण ट्युनिस व मोरोक्को येथें उतरले. त्यांतील कित्येकांस अरबी येतच नव्हती. घरची बोली स्पॅनिश होती.