भक्कन, टचकन, लख्खकन

रायपूरच्या मराठी घरांत पुरणपोळी टिकली, हळदीकुंकू टिकलं, आरत्या तर पोरांना तोंडपाठ आहेत. टिकलं नाही ते फणफणणं. चरफडणं, तणतणणं, धुसफुसणं हीही त्याच वाटेवर आहेत. पाहुण्याला 'अजून एक घ्या ना' असा मराठीत आग्रह करणारी बाई जयस्तंभ चौकात कुणी गाडी घासली की 'दिखता नहीं क्या' म्हणून कडाडते. शांत असताना मराठी, भडका उडाला की हिंदी. ही वाटणी आम्हा रायपूरकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की कुणाला खटकतही नाही.

मला खटकते. कारण अचानक उसळणाऱ्या गोष्टींसाठी मराठीने जी सोय करून ठेवली आहे, ती आपण न वापरताच मोडीत काढतो आहोत. नुसता 'कन' घ्या. दिवा भक्कन लागतो, वीज लख्खकन चमकते, गाल फुगवून बसलेली पोर खुदकन हसते, दाबून धरलेलं हसू फिसकन सुटतं आणि निरोप घेताना डोळ्यांत टचकन पाणी येतं. टचकन आलेलं पाणी गालावर ओघळत नाही, ते डोळ्याच्या कडेशीच उभं राहतं. ते ओघळलं की घळाघळा होतं, आणि मग आवरेनासं झालं की ओक्साबोक्शी. प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे. हिंदीतही 'भक से' आहे, आमची छत्तीसगढी कामवाली मावशी चूल पेटली की 'भक ले बर गे' म्हणायची. पण टचकनच्या तोडीचं मला अजून कुठे सापडलेलं नाही.

हिंदीची रीत वेगळी. ती अचानकपणा जोडक्रियापदावर सोपवते: रो पड़ा, हँस पड़ा, भड़क उठा, चमक उठा. ही रीत आमच्या मुलांच्या मराठीत अलगद उतरली आहे. आमच्या घरातलं शेंडेफळ एकदा धावत आलं आणि म्हणालं, 'आजी, दादा रडून पडला!' आजी हळदीची वाटी घेऊन धावली. दादा धडधाकट उभा, फक्त रडत होता. 'अरे, पडला कुठे? त्याला रडू कोसळलं म्हण,' आजी म्हणाली. त्यावर पोराने विचारलं, 'कशावर कोसळलं?'

प्रश्न चुकीचा नव्हता. कोसळते ती दरड, कोसळतो तो पाऊस; त्याच क्रियापदाने मराठीत रडू येतं. आणि ते 'मला' कोसळतं. 'मी रडलो' यात कर्ता मी असतो. 'मला रडू फुटलं' म्हटलं की कर्ता रडू होतं आणि मी बाजूला होतो. हसू फुटतं, कंठ फुटतो, घाम फुटतो, पान्हा फुटतो, झाडाला पालवी फुटते, पूर्वेला तांबडं फुटतं. उजेडाचं आणि उमाळ्याचं क्रियापद एकच, कारण दोन्ही आपल्या हुकमात नसतात. याच कारणासाठी संतापलेल्या माणसालाही मराठी थोडी सवलत देते: त्याचं डोकं भडकतं, तो आपला मागे उभा असतो. रायपूरच्या वाटेवरचा एक प्रसंग आठवतो. 1877 साली लहानगा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, कुटुंबाबरोबर बैलगाडीने इकडे येत होता. वाटेत डोंगराच्या कपारीत मधाचं प्रचंड मोठं पोळं दिसलं आणि तो स्वतःला विसरला, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. मराठीत म्हणू, त्याचं भान हरपलं. इथेही हरपलं ते भान.

मराठीशी या मुलखाची ओळख जुनी आहे. नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत 1741 मध्ये फौजेनिशी इथे आले आणि बिंबाजी भोसले 1787 पर्यंत रतनपुरात राहून कारभार पाहत होते. 1900 मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषी. त्यांनी दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. इतका मोठा ऐवज इकडून तिकडे गेला, याचा अभिमान वाटतोच. तिकडून इकडे आलं ते मात्र 'रडून पडला'.

माझे एक काका भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. तिथली पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. काका सांगायचे, भट्टीचं तोंड मातीने बुजवलेलं असतं, ती माती ड्रिलने पोखरत आत जायचं. आधी चार-दोन ठिणग्या, मग ठिणग्यांचा फवारा, आणि मग साधारण 1500 अंश सेल्सिअसचं लोखंड पन्हळीतून वाहू लागतं. वर तरंगणारा स्लॅग वेगळा काढतात. तो रात्री ओतला की भिलाईचं आभाळ तांबूस उजळायचं. कारखान्यात काका त्या वाहत्या लोखंडाला 'दहकता लोहा' म्हणत. घरी सांगताना मात्र 'रसरसतं लोखंड' म्हणत. निखारा रसरसतो आणि पिकलेला आंबाही रसरशीत असतो, हे ज्याच्या कानावर आहे त्याला त्या लोखंडाचा रंग आणि त्याचं वाहतेपण दोन्ही एका शब्दात दिसतं. काका गेले, तसा तो शब्दही आमच्या घरातून गेला.

रायपूरच्या चौबे कॉलनीत 1935 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आहे. सण, नाटकं, कार्यक्रम यांत मराठी कानावर पडते. पण कार्यक्रमात कुणी चरफडत नाही. ही क्रियापदं स्वयंपाकघरात, अभ्यासाच्या टेबलाशी, गाडी सुरू होत नसताना दारात ऐकूनच पोरांच्या तोंडी बसतात. तेव्हा परप्रांतातल्या मराठी आईबाबांना एकच विनंती: मुलांवर रागवायचंच असेल, तर मराठीत रागवा.