मैत्रिणीची पहिली कॅसेट

कॅसेट कधी हातात धरली आहे का? घरातल्या माळ्यावर किंवा आजीच्या पेटीत एखादी नक्की सापडेल. सापडली तर तिची वरची कड नीट बघा. फीत जिथून दिसते, त्याच्या बरोबर उलट बाजूला दोन टोकांना नखाएवढ्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. कधी कधी त्या मोडलेल्या असतात आणि तिथं नुसत्या दोन खाचा दिसतात. त्या पट्ट्या मोडायला मी एकदा विसरले. त्याचीच ही गोष्ट.

आमचं गाव कंधार. नांदेड जिल्ह्यातलं, राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं जुनं गाव. मोठा किल्ला, त्याच्याभोवती पाण्याचा खंदक, जवळच जगत्तुंग सागर तलाव, आणि दर वर्षी दर्ग्याचा मोठा उरूस. उरसात कव्वाली, सप्त्यात भजन, गणपतीत लाऊडस्पीकरवर सिनेमाची गाणी. गावात गाण्याला काही तोटा नव्हता. पण आपल्याच वर्गातली एखादी मुलगी गायिका होणार, असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो.

मी आठवीत असताना एक नवीन मुलगी वर्गात आली. तिची आई नर्स. बदली होऊन गावात आलेली. सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणायचे, मी सिस्टरमावशी म्हणायचे. घर आमच्या शेजारीच. पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिला प्रार्थना म्हणायला पुढे बोलावलं, आणि कधी नव्हे ती मागच्या ओळीतली मुलंसुद्धा गप्प झाली.

ते कुटुंब ख्रिस्ती. दर रविवारी त्यांच्या घरी ओळखीची दोन-तीन कुटुंबं जमायची. पेटी, टाळ, ढोलकी. एकदा माझी आजी ओट्यावर शेंगा निवडत ते ऐकत बसली आणि म्हणाली, "हे तं अभंगच की गं माय!" खरंच होतं ते. 'फुलामुलांचे कवी' म्हणून तुम्हाला ठाऊक असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनी मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी ढीगभर भजनं लिहिली. परक्या चालींपेक्षा ओवी आणि अभंग आपल्या लोकांच्या ओठांवर लवकर बसतात, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून तर विठोबाची भजनं म्हणणाऱ्या माझ्या आजीला ती गाणी परकी वाटली नाहीत.

माझ्या मैत्रिणीला मात्र आणखी वेगळं काही हवं होतं. दहावीच्या दिवाळीत, म्हणजे १९९१ साली, पुण्याहून तिचा मावसभाऊ आला. येताना त्यानं एमी ग्रँट नावाच्या अमेरिकन गायिकेची कॅसेट आणली. इंग्रजी आम्हाला अर्धंमुर्धं कळायचं, पण ठेका मात्र पायांना बरोबर कळायचा! त्याच वर्षी तिचं 'बेबी बेबी' हे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं होतं. तलावाच्या काठावर बसून मैत्रिणीनं मला तिची हकिगत सांगितली.

एमी नॅशव्हिल गावात वाढलेली. शाळेत असतानाच स्वतः गाणी रचून गायची. चर्चमधल्या एका तरुण मार्गदर्शकाच्या मदतीनं तिनं एक फीत रेकॉर्ड केली. कशासाठी माहीत आहे? आईवडिलांना द्यायला! पण स्टुडिओच्या मालकानं ती ऐकली आणि एका रेकॉर्ड कंपनीला फोन लावून फोनवरच वाजवून दाखवली. सोळावा वाढदिवस पाच आठवड्यांवर आला असताना कंपनीनं तिच्याशी करार केला. पहिली तबकडी निघाली १९७८ साली, तिची शाळा संपता संपता. देवाची गाणी, पण चाल तरुण मुलांची. पुढं २०२२ मध्ये तिला तिथला केनेडी सेंटरचा मोठा सन्मान मिळाला. हे अर्थातच आम्हाला तेव्हा कसं ठाऊक असणार?

"पंधरा वर्षांची होती ती," मैत्रीण म्हणाली. "आपल्याएवढीच."

तिनं स्वतःची तीन गाणी रचली. मराठीतच, येशूची, पण चाल उड्या मारणारी. रविवारच्या प्रार्थनेत एक म्हणून दाखवलं, तर एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "बाळ, हा ठेका सिनेमाचा. देवाच्या घरात नको." सिस्टरमावशीही रागावल्या. आमच्या बाबांना कळलं तर ते म्हणाले, "दहावीचं वर्ष आहे. गाण्यानं पोट भरतं का?" आजी तेवढी तिच्या बाजूची. म्हणाली, "नाथांचं भारूड काय हळूहळू म्हणतेत का? देवाला ठेका चालतो."

गंमत म्हणजे त्याच वर्षी, 'बेबी बेबी'सारखं साधं प्रेमगाणं गायलं म्हणून एमी ग्रँटवरही तिकडच्या काही चर्चमधली मंडळी रुसली होती. म्हणजे कंधार काय आणि अमेरिका काय, वडीलधाऱ्यांचं सारखंच!

शेवटी असं ठरलं की नाताळला जालन्याच्या आजीला भेट म्हणून एक कॅसेट द्यायची. आजीसाठी म्हटल्यावर मावशी नाही कशा म्हणणार? मैत्रिणीच्या मनात मात्र आणखी एक बेत होता. तीच गाणी पुढं मुंबईच्या कॅसेट कंपनीला पाठवायची.

माझ्या काकाचा टू-इन-वन घेतला. लाईटचा भरवसा नाही म्हणून नवे सेल आणले. ज्वारीची पोती ठेवतो त्या खोलीत दाराला वाकळ लावली, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. गिटार कुठून आणणार? मी स्टीलच्या डब्यावर ठेका धरला. एका गाण्यात मधेच म्हैस हंबरली, ते परत म्हणावं लागलं. संध्याकाळपर्यंत चार गाणी झाली. तीन तिची आणि एक टिळकांचं भजन. आम्ही कॅसेट लावून ऐकली आणि एकमेकींकडं बघतच राहिलो. टेपमधून येणारा तो आवाज आमच्या शेजारणीचा वाटतच नव्हता.

गावाला निघायला दोन दिवस होते. कॅसेट माझ्याकडंच राहिली, कारण टेप आमचा.

आता खरं सांगते. रात्री सगळे झोपल्यावर मी ती पुन्हा लावली. चारही गाण्यांत माझा फक्त डबा वाजत होता. मला वाटलं, आपला आवाज टेपमध्ये कसा येत असेल? कॅसेटची दुसरी बाजू कोरीच होती. मी कॅसेट घातली, प्ले आणि लाल बटण एकदम दाबलं, आणि सिनेमाची दोन गाणी दबक्या आवाजात म्हणून टाकली. बाजू नीट पाहिली नाही. का पाहिली नाही, ते आजही मला धड सांगता येत नाही. थोडी घाई होती, थोडी भीती, आणि थोडा हेवाही असेल.

बाजू तीच निघाली. पहिली दोन गाणी गेली.

कॅसेटमधलं गाणं पुसतं कसं, तेही सांगते. फितीवर तपकिरी रंगाच्या चुंबकी भुकटीचा थर असतो. आवाजाप्रमाणे त्या भुकटीचं चुंबकत्व बदलतं, आणि तेच आपलं रेकॉर्डिंग. लाल बटण दाबलं की फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग नवा आवाज नोंदवणाऱ्या हेडवरून. नवीन काही यायच्या आधीच जुनं साफ. एकदा गेलं की गेलं. म्हणून तर त्या दोन पट्ट्या असतात. पट्टी मोडली की टेपचं लाल बटण दबतच नाही. एका बाजूला एक पट्टी. मोडायला क्षणभरही लागत नाही.

सकाळी मी रडतच तिच्याकडं गेले. तिचा घसा बसला होता, अंगात ताप होता. पुन्हा म्हणणं शक्यच नव्हतं. तिनं कॅसेट लावली. माझी दोन गाणी पूर्ण ऐकली. काही बोलली नाही. कॅसेट पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मायलेकी गेल्या.

ते पंधरा दिवस मला अभ्यास सुचला नाही. मग एक आंतरदेशीय पत्र आलं. त्यात लिहिलं होतं: "कॅसेट आजीला दिली. सुरुवातीला तूच आहेस. आजीनं विचारलं, ही पहिली पोरगी कोण? मी सगळं सांगितलं. आजी म्हणाली, तिला लिही, आवाज बरा आहे, पण चोरून गाऊ नको. घसा आवळतो."

मी ते पत्र कितीदा वाचलं असेल! रागावलेली ती होतीच. परत आल्यावर महिनाभर माझ्याशी तुटक बोलली. पण मार्चच्या परीक्षेआधी आम्ही पुन्हा एकाच बाकावर होतो.

मुंबईच्या कंपनीचं काय झालं? सुट्टीत तिनं गाणी पुन्हा रेकॉर्ड करून पाठवली. उत्तर आलं नाही. तेव्हा आम्हाला रेमो फर्नांडिस हे सिनेमाच्या गाण्यांमुळे नुसते नावानं ठाऊक होते. गोव्यातल्या शिवोलीचे. शाळेत असल्यापासून मित्रांबरोबर बँडमध्ये वाजवणारे. त्यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही कॅसेट घरीच, चार ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डरवर तयार केली. वाद्यं स्वतः वाजवली, आवाज स्वतःचे, आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेट पोचवल्या त्याही स्वतःच. पुढं २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही हकिगत त्या वेळी कुणी आम्हाला सांगितली असती, तर एका कंपनीच्या गप्प बसण्यानं आम्ही एवढ्या खचलो नसतो.

दहावीनंतर सिस्टरमावशींची बदली झाली. मैत्रीण आईसारखीच नर्स झाली. मग लग्न, मुलं, रात्रपाळ्या. गाणं सुटलं. पत्रांतूनही त्याचा विषय निघेनासा झाला. मी विचारलं की ती म्हणायची, "ते वय गेलं गं." प्रत्येक वेळी मला ती दोन गाणी आठवायची.

काही वर्षांपूर्वी मी तिला फोनवर लॉर्ना कॉर्देरोची गोष्ट सांगितली. मुंबईत वाढलेली गोव्याच्या ख्रिस्ती घरातली मुलगी. किशोरवयातच बँडबरोबर गायला लागली. ख्रिस पेरी यांच्या संगीतावर तिनं गायलेली 'बेबदो'सारखी कोकणी गाणी गोव्यात घरोघरी पोचली. मग १९७०च्या दशकात ती गायची थांबली. जवळजवळ वीस वर्षं मंचावर नाही. लोकांनी मात्र तिच्या तबकड्या जपून ठेवल्या. १९९५ साली ती गोव्यात पुन्हा गायला उभी राहिली, तेव्हा तिची वाट बघणाऱ्यांची नुसती गर्दी उसळली.

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग मैत्रीण म्हणाली, "तिच्या तबकड्या होत्या. माझं काय आहे?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्याच वर्षी जालन्याचं जुनं घर आवरायला घेतलं. आजी कधीच्या गेल्या होत्या. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत बायबल, चष्मा, आणि रुमालात गुंडाळलेली आमची कॅसेट! मैत्रिणीनं कुठून तरी चालू टेप मिळवला आणि मला फोन लावून फोन टेपजवळ धरला. आधी मी, दबक्या आवाजातली, भित्री. मग कट्ट असा आवाज. आणि मग ती, पंधरा वर्षांची, मोकळ्या गळ्यानं गाणारी, आणि मागं माझा डबा.

आता ती दर रविवारी दहा-बारा मुलांना गाणी शिकवते. तिची जुनी गाणीही शिकवते. गेलेल्या दोन गाण्यांपैकी एक तिला जसंच्या तसं आठवलं, दुसरं तिनं नव्यानं रचलं. मुलं ती फोनवर रेकॉर्ड करतात. फार लोक ऐकत असतील असं नाही. पण तिच्या बोलण्यात 'ते वय गेलं' हे आता येत नाही.

कॅसेट तिनं मला कंधारला पाठवली. "टेप तुझा होता, तूच ठेव," म्हणाली. मी सगळ्यात आधी वरची कड पाहिली. दोन्ही पट्ट्या मोडलेल्या होत्या. दुसरी बाजू तर अजून कोरीच होती, तरी तिचीही. आम्ही दोघींनी त्या कधीच मोडल्या नव्हत्या. जालन्याच्या आजींनीच मोडल्या असणार, नातीचं गाणं कुणी पुसू नये म्हणून.

आणि त्या फितीवर, नातीच्या आधी, मीही तशीच राहिले.