वर्षाचं भाडं 88 सेंट

आउग्सबुर्ग,
रविवार

ती. मावशीस,


तू पाठवलेली प्रवासाची यादी वाचली. डोंगरावरचा राजवाडा आहे, म्युनिकचे चौक आहेत, आउग्सबुर्गचं नाव मात्र कुठे नाही. म्हणून हे पत्र. म्युनिकहून आगगाडीने जेमतेम पाऊण तास, आणि गाव थेट रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातलं.

लोक इथे येतात ते नगरभवनातला सोनेरी दरबार बघायला. एलियास होलने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ही इमारत बांधली. 1944च्या फेब्रुवारीत बॉम्बहल्ल्यात दरबार जळाला. आज झगमगतो तो पुन्हा घडवलेला. मान वर करून दहा मिनिटं बघावा आणि निघावं.

माझा खरा वेळ गेला तो याकोब फुगरच्या मागे. हा इथला सावकार, टायरोलची चांदी आणि हंगेरीचं तांबं यांवर गब्बर झालेला. 1519 साली पाचव्या चार्ल्सला सम्राट निवडून आणायला साडेआठ लाख गुल्डन खर्ची पडले, त्यातले साडेपाच लाखांच्या आसपास एकट्या याकोबचे. परतफेड रखडली तेव्हा त्याने सम्राटालाच पत्र धाडलं, की माझ्या मदतीवाचून मुकुट तुमच्या डोक्यावर आला नसता. पापक्षमेच्या पत्रकांच्या विक्रीचा पैसाही याच्याच पेढीतून रोमला जाई. त्या विक्रीवर उसळलेल्या मार्टिन लूथरची 1518 साली कार्डिनलसमोर जबानी झाली, तीही फुगरच्याच वाड्यात! लूथर उतरला होता संत आनाच्या मठात, आणि तिथल्या चर्चमध्ये फुगरांनी आपल्या कबरींसाठी दालन बांधून घेतलेलं. पुढे ते चर्च लूथरच्या पंथाकडे गेलं. त्यामुळे पक्का कॅथलिक याकोब आज लूथरपंथीयांच्या छपराखाली विसावला आहे.

याच माणसाने 1521 साली शहरातल्या गरजू कॅथलिकांसाठी एक वसाहत लिहून दिली. तिचं नाव फुगराय. तटाच्या आत सरळ गल्ल्या, पिवळसर भिंतींची दुमजली घरं. घंटा ओढायच्या मुठी घरोघरी वेगळ्या घाटाच्या. दिवे नव्हते तेव्हा हाताला आपलं दार कळावं म्हणून, असं सांगतात. मोझार्टचा पणजोबा फ्रान्झ गवंडी होता. तो गरिबीत इथेच राहिला. वर्षाचं भाडं एक ऱ्हाइन गुल्डन, आजचे 88 सेंट. आपले शंभर रुपयेही होत नाहीत. वीज, पाणी, शेगडी वेगळी. रात्री दहाला दरवाजे बंद. उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याच्या हातावर किरकोळ दंड ठेवायचा. आणि याकोबच्या व त्याच्या घराण्याच्या आत्म्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या.

याला दान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. देवाच्या दारीसुद्धा सौदाच केला गृहस्थाने. पण सौदा चोख निघाला. वंशजांनी पैसा जंगलांत आणि जमिनीत गुंतवला, म्हणून भाव चढले, चलनं बुडाली तरी वसाहत तगली. बॉम्बहल्ल्यात हिचीही मोठी पडझड झाली, पण घरं उभी करून पुन्हा माणसंच राहायला आणली. सोनेरी दरबारात मला हेच कमी वाटलं. आज इथे दीडशेच्या आसपास लोक राहतात. वाळत घातलेले कपडे, काठी टेकत चाललेल्या आजी, सगळं आपल्या चाळीसारखं, फक्त आवाज नाही.

तुझ्या कुळागरातल्या मिरवेलींशीही या गावाचा धागा आहे. 1505 साली पोर्तुगीज आल्मेदाच्या आरमाराबरोबर तीन जहाजं हिंदुस्थानकडे निघाली, त्यांत वेल्झर आणि फुगर या सावकार घराण्यांचा आणि इतर जर्मन व्यापाऱ्यांचा पैसा होता. पुढे 1587 साली याच आउग्सबुर्गचा फर्डिनांड क्रोन दोन्ही घराण्यांचा मुनीम होऊन गोव्यात उतरला, मिरीच्या व्यापारासाठी, आणि कित्येक वर्षं तिथेच राहिला. अर्थात फुगराय क्रोनच्या आधीच उभी होती, आणि ती मिरीही बहुतेक मलबारची. काकांना उगाच चढवू नकोस.

फुगराय बघायला तिकीट पडतं, आणि एका माणसाचं तिकीट तिथल्या घराच्या वर्षभराच्या भाड्याहून कितीतरी जास्त आहे. कुरकुर न करता काढा. आत एक घर पाहुण्यांसाठी मांडून ठेवलंय, बॉम्बहल्ल्यातला जुना तळघर-आसराही उघडा असतो. तो चुकवू नका. बाकीच्या खिडक्यांतून डोकावायचं नाही, एवढं काकांना आधीच सांगून ठेव.

तुझी,
मंजू