फाइल होती, मराठी नव्हती

‘बॅकअप घेतलाय मॅडम, एकही फाइल गेलेली नाही,’ दुकानदाराने ठामपणे सांगितलं. ते खरंही होतं, आणि म्हणूनच माझा राग अजून शांत होत नाही.

आम्ही म्हैसूरला कुवेंपुनगरात राहतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो आणि इथलेच झालो. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लॅपटॉप विंडोज ११ घेण्याइतका नवा होता, पण फार रखडायचा. दुकानदार म्हणाला, ‘वरच्यावर अपग्रेड नको, सी ड्राइव्ह फॉरमॅट करून फ्रेश टाकू.’ संध्याकाळी मशीन मिळालं. पटापट चालत होतं, मी खूश.

मग वडिलांच्या आठवणींची फाइल उघडली. वडील मिरजेला शाळेत शिक्षक होते. २००३ साली त्यांनी वहीत लिहिलेलं सगळं तिथल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं होतं. वह्या पुढे पुराच्या पाण्यात गेल्या, वडीलही गेले, उरली ही फाइल. पानं तेवढीच, परिच्छेद जागच्या जागी, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं दिलेली परकी अक्षरं, पौंडाचं चिन्ह, कंस, स्वल्पविराम. ओळीमागून ओळ तेच.

दुकानात परत गेले. ‘व्हायरस असेल,’ म्हणून स्कॅन केलं. काही निघालं नाही. मग मराठी लँग्वेज पॅक टाकला. मेनू मराठीत आले, वडील आले नाहीत. मग वर्ड काढून पुन्हा टाकलं. दर वेळी तोच प्रश्न, ‘फाइल ओपन होतेय ना?’ होत होती. शेवटी म्हणाला, ‘मूळ फाइलच खराब असणार.’ मला संताप आला तो या वाक्याचा. सकाळी मी त्याच्या हातात दिली तेव्हा हीच फाइल स्वच्छ वाचता येत होती.

गल्ल्यामागे एक मुलगा की-बोर्ड साफ करत होता. तो पडद्याकडे वाकून म्हणाला, ‘इदु नुडि तरहाने, अल्वा?’ हे नुडीसारखंच आहे. नुडी म्हणजे कर्नाटकात सरकारी कचेऱ्यांतून रुळलेली कन्नड टायपिंगची प्रणाली. तिच्या जुन्या फॉन्टमधली कागदपत्रं दुसऱ्या मशीनवर अशीच दिसतात, हे त्याने पाहिलं होतं. मराठीचं एक अक्षर न येणाऱ्या त्या पोराने माझं दुखणं ओळखलं.

युनिकोड या जागतिक लिपी-मानकात देवनागरी १९९१पासून आहे, विंडोजमध्ये ती विंडोज २०००बरोबर आली. तरी छपाईच्या धंद्यात पुढे कितीतरी वर्षं जुनेच फॉन्ट चालले. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचा आकार बसवलेला असे. म्हणजे फाइलमध्ये साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच, मराठीचा मुखवटा त्यांना फॉन्ट चढवतो. आणि फॉन्ट राहतो विंडोजच्या फोल्डरमध्ये, सी ड्राइव्हवर. तो पुसला गेला. दुकानदाराने डॉक्युमेंट, फोटो, डाउनलोड सगळं उचललं, फॉन्ट मात्र कुणाला आठवला नाही. बॅकअपचे पैसे घेताना ‘वेगळे फॉन्ट आहेत का?’ एवढं विचारायला काय जात होतं?

सांगलीला चुलतभावाकडे जुना संगणक होता. त्याने तोच फॉन्ट शोधून पाठवला. बसवला, आणि पहिल्या पानावर वडिलांचं नाव उमटलं. मी मोठ्याने वाचत सुटले. त्या क्षणी वाटलं, नको ते युनिकोड, हाच फॉन्ट हवा, याच वळणात मी त्यांना वाचलंय. आजही मंगल या युनिकोड फॉन्टमधली अक्षरं मला रुक्ष वाटतात. पण पुढच्या फॉरमॅटला पुन्हा हेच होणार, म्हणून कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणतेय. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप करत, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचं उलटं, जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर टाइप करत, युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ अक्षराच्या आधी साठतो. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर अडखळतो. ‘कर्तव्य’, ‘विद्यार्थी’, ‘पूर्वी’ हे शब्द शिक्षकाच्या आठवणीत पानोपानी, आणि प्रत्येक तपासावा लागतो.

कुणी क्लीन इन्स्टॉल करणार असेल तर आधी फॉन्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. जुन्या मराठी फाइलींची फॉन्टसकट पीडीएफ करून ठेवा. डोळ्यांनी वाचायला ती पुरते, पण तिच्यातून मजकूर कॉपी केलात तर बहुधा पुन्हा तोच कचरा येईल. म्हणून शेवटी युनिकोडला पर्याय नाही. गावोगावच्या छापखान्यांत, मासिकांच्या कचेऱ्यांत असे किती अंक, किती स्मरणिका पडून असतील? आपल्याच म्हैसुरात १९६९पासून भारतीय भाषा संस्थान आहे. असा मजकूर सोडवून घेणं हे सरकारी खर्चाने व्हायला हवं. एकेका घराने किती पुरं पडायचं?

दुकानदारावरचा राग कायम आहे. लॅपटॉप मात्र झकास चालतोय, आणि नवऱ्याच्या मशीनवरही मी फ्रेश विंडोजच टाकणार आहे, त्याच मुलाकडून.