गुहेतलं ताट

१४ जानेवारी
संक्रांत. भाच्याने गुळपोळीला हात लावला नाही. ‘पॅलिओ’ चालू आहे म्हणे: धान्य, कडधान्य, दूध, गूळ सगळं बंद. “मामा, शेती येऊन जेमतेम दहा हजार वर्षं झाली. पोट अजून गुहेतलंच आहे. शंभरी गाठायची तर तसंच खायला हवं.” बहिणीचा चेहरा बघवत नव्हता.

१६ जानेवारी
हा विचार वैद्यकात गाजला तो १९८५ साली, ईटन आणि कॉनर यांच्या लेखामुळे. पण पूर्वज नेमके कुठले धरायचे? टांझानियातले काही हाद्झा आजही मुख्यतः मध, कंदमुळं, गोरखचिंचेची फळं आणि शिकार यांवर जगतात. ध्रुवाकडच्यांना सील आणि मासे. गॅलिली सरोवराकाठी ओहालो इथे तर २३ हजार वर्षांपूर्वीची माणसं रानटी सातू दगडावर दळत होती. शेती रुजायला तेव्हा अजून हजारो वर्षं होती.

१७ जानेवारी
लग्नाला गेलो. जिलबी सोडवली नाही.

१९ जानेवारी
बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांबद्दल वाचलं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पाहणीत चाळिशीपुढच्या ७०५ जणांचे हृदयाचे सीटी स्कॅन होते. ८५ टक्क्यांच्या धमन्यांत कॅल्शियमचा मागमूस नाही! इतक्या स्वच्छ धमन्या तोवर कुठल्याच समाजात नोंदल्या गेल्या नव्हत्या. आणि खाणं? भात, केळी, कसावा, मका; जवळपास ७२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांचे. शिकार आणि मासे आहेतच, पण पोट भरतं ते शेतीवर. पुरुष दिवसाचे सहा-सात तास अंग हलवतात. तरी संसर्गाने माणसं जातात ती जातातच. भाच्याला फोनवर सांगितलं. “ते भात पचवतात, कारण राबतात,” म्हणाला. मग मुद्दा राबण्याचाच झाला की!

२२ जानेवारी
उलट बाजूही बघितली. शिकार-मासेमारीवर जगलेल्या उनांगन लोकांच्या पाच ममींपैकी तिघींच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या सापडल्या. पाच हा आकडा फारच लहान, त्यावर इमला नको. खरी गोम निराळी आहे. निसर्गाची निवड मुलं होऊन हाताशी येईपर्यंतच कडक असते. नातवंडं सांभाळणाऱ्या आजीचा हातभार धरला, तरी ऐंशीतल्या हृदयाची काळजी ही निवड वाहत नाही. तेव्हा पूर्वज जे खात ते तगायला पुरेसं होतं, एवढंच त्यातून कळतं. भाच्याने पाकिटबंद खाणं आणि साखर सोडली, ते उत्तम. मसूर-मटकी सोडायला मात्र काही आधार नाही. कडधान्यं खाणाऱ्यांच्या दीर्घ पाहण्या त्यांच्याच बाजूने बोलतात.