लादीवर व्हिनाइल

या वेळी कोडबिड काही नाही. या वेळी लादी. गेले चार-पाच महिने वीकएंडला मी दुसरं काही केलेलंच नाही, तर लिहू तरी काय!

आमचं घर अलिबागजवळ नागावला, सुपारीच्या वाडीत. आईबाबा तिथेच असतात, मी मुंबईत. जूनमध्ये, पहिल्या जोराच्या पावसानंतर, आई लादीवरून घसरली. हाड मोडलं नाही, मनगट सुजलं, पंधरा दिवसांत उतरलंही. पण ती भिंत धरून चालायला लागली. ज्या घरात चाळीस वर्षं लाइट गेले तरी अंधारात तुरुतुरु चालायची त्याच घरात. मला ते बघवेना.

मामेभावाने ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जुन्या लादीवरच व्हिनाइल घातलं होतं. तोडफोड नाही, डेब्रिज नाही, दोन दिवसांत नवी जमीन. म्हटलं, हेच करू, सगळ्या घरात. बाबा म्हणाले, "अगं, माजघरातली लादी झाकायची?" त्यावर आई स्वयंपाकघरातून, "म्हणजे मी पडले तर चालेल, लादी झाकलेली चालणार नाही!" पुढे जेवण होईपर्यंत कोणी काही बोललं नाही.

माजघरातली लादी म्हणजे नक्षीची, सिमेंटची. लाल-काळी-पिवळी, चार लाद्या जुळल्या की एक फूल पूर्ण होतं. ती आजोबांनी घातली आणि उरणहून मचव्याने आणली असं बाबा सांगतात. मचव्याचं काही मला माहीत नाही, पण उरणचं अगदीच अशक्य नाही. भारत टाइल्सचा पहिला कारखाना १९२२ मध्ये उरणलाच निघाला. फिरोजशा आणि रुस्तम सिधवा या दोघांनी स्वदेशीच्या भारावलेल्या काळात तो काढला, तेव्हा चांगली लादी म्हणजे विलायतेची असा हिशेब होता. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्यात रंगांचे कप्पे करून पातळ कालवलेला रंगीत सिमेंट हाताने ओततात, साचा काढतात, मागे कोरडं सिमेंट-वाळू भरतात, प्रेसखाली दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून पिढ्यान्पिढ्या पाय घासले तरी फूल पुसलं जात नाही. पण भाजलेली नसल्याने ती पाणी पिते. पुढच्या सगळ्या कथेत हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, कशावरही बसतं, बिनधास्त घाला." कशावरही चालतं असं कोणी म्हटलं की आमच्या धंद्यात टेस्टिंग दुप्पट करतात. मी वाचत बसले. व्हिनाइलचे ढोबळ दोन प्रकार. एक पातळ, गोंदाने चिकटवायचं. दुसरं चार ते सहा मिलिमीटरच्या कडक फळ्यांचं, ज्यात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी असतं. त्या एकमेकींत टक्कन अडकतात आणि नुसत्या जमिनीवर पडून राहतात, चिकटवायचं काही नाही. सिमेंटच्या लादीवर गोंद लावणं म्हणजे तिचं आयुष्य संपवणं, कारण तो आत मुरतो आणि परत निघत नाही. त्यामुळे घातलंच तर अडकवायचं, हे लगेच ठरलं. नको वाटलं तर उद्या उचलून ठेवता येतं, बाबांना तेवढाच दिलासा.

खरा प्रश्न वेगळाच होता. पावसाळ्यात आमची लादी ओली होते, पण ते पाणी येतं कुठून? गवंडीकाका म्हणाले खालून. बाबा म्हणाले हवेतून. दोघांचंही बरोबर असू शकतं. समुद्राकाठची दमट हवा गार लादीवर आली की दव धरतं, थंड पाण्याच्या ग्लासवर बाहेरून धरतं तसं. आणि पावसाळ्यात वाडीतल्या विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं, तेव्हा जुन्या जोत्यातून ओल वर चढते. त्या काळी जोत्यात ओल अडवणारा थर कोण घालत होतं! पहिल्या प्रकारात व्हिनाइलचा फायदाच आहे, कारण ते लादीइतकं गार पडत नाही, दव कमी धरतं. दुसऱ्या प्रकारात मात्र वाट लागते. वर येणारी ओल लादीतून हवेत निघून जाते, ती प्लॅस्टिकखाली कोंडली जाते. मग कुबट वास, बुरशी आणि लादीवर लोणा.

हे ओळखायची चाचणी इतकी सोपी आहे की ती सगळे का करत नाहीत कळत नाही. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्यायचा, लादीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि निदान सोळा तास हात लावायचा नाही. थेंब प्लॅस्टिकच्या वर आले तर पाणी हवेतलं. खाली आले तर जमिनीतलं. आणि ही चाचणी भर पावसाळ्यात करायची. मे महिन्यात कोकणातलं कुठलंही घर पास होतं :-)

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी तीन तुकडे लावले. ओल्या लादीला चिकटपट्टी धरेना, आधी टॉवेलने आणि मग आईच्या जुन्या हेअर ड्रायरने वाळवून लावली. रविवारी सकाळी बघितलं. आईची झोपायची खोली नंतर वाढवलेली, जोतं उंच, साधी सिरॅमिक टाइल. तिथे वरून दव, खाली कोरडं ठक्क. माजघरातल्या दोन्ही तुकड्यांखाली मात्र थेंबच थेंब, लादी काळपट पडलेली. गवंडीकाका आणि बाबा, दोघंही जिंकले.

थोडक्यात, आईच्या खोलीत व्हिनाइल, माजघरात नाही. बाबांना आनंद झाला, पण त्यांच्या बाजूने मी निकाल दिलेला नव्हता हे त्यांना सांगावं लागलं. कारण आई पडली होती ती माजघरातच.

खोलीचं काम दिवाळीनंतर केलं. दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट, वाया जायला दहा टक्के धरून १३२. माल मांडव्याच्या रो-रोने गाडीतूनच नेला. ही बोट २०२० पासून सुरू आहे आणि अशा कामाला फार सोयीची. खोकी दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवली, फळ्यांना तिथल्या हवेची सवय व्हावी लागते. तोवर मी नाण्याने एकेक टाइल ठोकून बघितली. तीन पोकळ वाजल्या, त्या गवंडीकाकांनी परत बसवल्या. खालची टाइल हलली तर वरचे सांधे आज ना उद्या तुटणारच. भिंतीपासून चारी बाजूंनी आठ मिलिमीटर जागा सोडली, कारण उन्हाने फळ्या फुगतात आणि जागा नसेल तर मध्येच उचलतात. कापायचं काम मजेशीर आहे, सुरीने रेघ मारायची आणि वाकवायचं, काचेसारखं तुटतं. दार खालून तासायला सुतारमामांना बोलावलं. उंबऱ्याशी उतरती पट्टी लावली. सहा मिलिमीटरची पायरी तुम्हाआम्हाला दिसत नाही, पण पाय ओढत चालणाऱ्या माणसाला तेवढी पुरते. आणि हो, व्हिनाइलवर पाणी सांडलं तर तेही घसरतं, त्याच्या नादाला लागून फडकं सोडू नका.

माजघरासाठी उपाय लादीवर नव्हताच. मागच्या पाखाचं पाणी थेट जोत्याशी पडत होतं. पन्हळ लावून ते वाडीत लांब सोडलं, भिंतीलगतचं सिमेंटचं कट्टं फोडून उतार बाहेरच्या बाजूला केला. ओल पूर्ण थांबणार नाही, विहीर कोण खाली नेणार? म्हणून माजघर ते मोरी भिंतीला स्टीलचा दांडा बसवला. आई आठवडाभर "दवाखाना केलात घराचा" म्हणत होती. आता त्यावर पंचा वाळत असतो, पण हात तिथेच जातो, हे मी लपून पाहिलंय.

उरलेल्या फळ्या खोक्यावर नंबर लिहून माळ्यावर ठेवायला गेले. पुढे एखादी खराब झाली तर तोच रंग मिळेलच असं नाही. तिथे गोणपाटात गुंडाळलेल्या सहा नक्षीच्या लाद्या सापडल्या, आजोबांनी ठेवलेल्या. मोरीच्या दाराशी दोन लाद्या फुटून खड्डा पडलाय, त्यात पाणी साचतं. गवंडीकाकांना सांगून मे संपायच्या आत तिथे बसवून घ्यायच्यात. आणि जुलैत परत प्लॅस्टिक लावायचंय.