बेसबॉलच्या मैदानावर एक दुपार



अमेरिकेहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मॅडम, नायगरा पाहिला का?" पाहिला. पण मला लिहायचं आहे ते बेसबॉलबद्दल. (माझं सारं शिक्षण हिंदी माध्यमातलं. कुठे घसरले तर मराठीच्या बाईंनी लाल पेन जरा बाजूला ठेवावं.)

२०२४ च्या उन्हाळ्यात मुलाकडे पिट्सबर्गला गेले होते. एका रविवारी दुपारी तो मला पायरेट्स संघाचा सामना पाहायला घेऊन गेला. आपण इंदूरकर म्हणजे सी. के. नायडूंच्या गावचे. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, हे ऐकतच मोठे झालो. त्यामुळे हा खेळ म्हणजे गुल्ली-दांड्याचा श्रीमंत भाऊ असेल, एवढीच माझी समजूत.

नदीवरचा पूल सामन्याच्या दिवशी गाड्यांना बंद असतो. माणसं मुलाबाळांना घेऊन पायी येतात, जत्रेला निघाल्यासारखी. पुलाला रोबेर्तो क्लेमेंते या खेळाडूचं नाव आहे. तो पोर्तो रिकोचा, याच संघाकडून १८ हंगाम खेळला. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ रोजी त्याचं विमान समुद्रात कोसळलं. त्याचा क्रमांक २१, म्हणून मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच बांधली आहे. याच संघाने २००८ साली आपल्या उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं, हेही मुलाने सांगितलं. मुख्य संघापर्यंत ते पोचले नाहीत, पण ऐकून बरं वाटलं.

मुलाने एक स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेतली. प्रत्येक जागेला क्रमांक असतो: चेंडू टाकणारा १, त्याच्यासमोर बसून झेलणारा २, असं ९ पर्यंत. मध्येच पिरोगीचे सोंग घेतलेली माणसं धावली. (पिरोगी म्हणजे बटाटा भरून उकडलेली गुजियाच.) सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहिलं. मी सावधान झाले, तर लोक डोलत गाणं म्हणू लागले!

त्याआधी, पाचव्या डावात एक सोपा, सरपटत आलेला चेंडू सहा नंबरवाल्याच्या पायांमधून निघून गेला. भल्या मोठ्या फलकावर धावा आणि हिट यांच्या शेजारी तिसरा रकाना असतो, चुकांचा. तिथे शून्याचा एक झाला. मुलाने शांतपणे कार्डावर लिहिलं, ई-६.

"आता याला बाहेर काढतील?"

"का बरं? पुढच्या डावात बॅटिंगला येईल की."

खरंच आला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

माझं लक्ष सामन्यावरून उडालं. हा आठवीत असताना शालेय स्पर्धेत शेवटच्या षटकात याच्या हातून झेल सुटला आणि आपण हरलो. मी तेव्हा उपप्राचार्य. स्वतःच्या मुलाला पाठीशी घातलं असं कोणी म्हणू नये, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर त्याचं नाव घेऊन बोलले. लक्ष नसलं की असं होतं, म्हणाले. संध्याकाळी बॅट माळ्यावर गेली. पुढे तो अभ्यासात चमकला आणि मला वाटलं, चला, बरंच झालं. इतकी वर्षं घरात हा विषय निघाला नाही.

मी म्हटलं, "त्या दिवशी प्रार्थनेत मी तसं बोलायला नको होतं रे."

तो कार्डाकडेच पाहत होता. "आई, शेंगदाणे घे." मी घेतले. टरफलं तिथे खालीच टाकतात, ते काही मला जमेना. पर्समध्ये भरत बसले.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "ऊन डोळ्यावर होतं गं त्या दिवशी."

पायरेट्स हरले. पुलावरून परतताना कोणी फारसं हळहळत नव्हतं. हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात. ते कार्ड मी मागून घेतलं. माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, कोणीही येऊन पाहावं. पाचव्या डावातला ई-६ त्याच्या अक्षरात आहे. आठव्यापासून पुढचं मी भरलं आहे, त्यात बऱ्याच चुका आहेत.